अन्नपूर्णा तर्खड : एका दिलेल्या नावाचा इतिहास

दिल्लीतील रवींद्र भवनाची वास्तू रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1961 मध्ये उभी राहिली. साहित्य अकादेमीचे पहिले सचिव कृष्ण कृपलानी यांचे इंग्रजी रवींद्रचरित्र त्याच्या पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, प्रसिद्ध झाले. अन्नपूर्णा तर्खड या मराठी तरुणीची कथा बंगालबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली ती मुख्यतः या चरित्रामुळे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला स्थान नाही. आणि ज्या घरात ती वाढली त्या घराला वगळून तर तो इतिहास लिहिताच येत नाही. ही विसंगती प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका महाविद्यालयात हा प्रसंग चर्चेस आला असता ईशान्य भारतातून आलेल्या एका विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला होता. नाव त्याने दिले. पण ती स्वतःला काय म्हणवून घेत होती? प्रश्नामागचे कारण तिने मागाहून सांगितले. दिल्लीत तिचे मूळ नाव कोणाला नीट उच्चारता येत नसे, म्हणून वर्गसोबत्यांनी तिला एक सोपे नाव देऊन टाकले होते. तू कोणत्या देशाची, हा प्रश्न तर तिला आपल्याच देशाच्या राजधानीत रोज ऐकावा लागे. नाव देणे हे प्रेमाचे कृत्य असू शकते, तसेच ते दुसऱ्याला आपल्या सोयीच्या आकारात बसवणेही असू शकते. प्रस्तुत लेखाची दिशा त्या प्रश्नाने ठरविली आहे.

तर्खडांचे घर हे एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रबोधनाचे एक आद्य केंद्र होय. थोरले बंधू दादोबा पांडुरंग यांनी 1836 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, 1844 मध्ये सुरतेला मानवधर्म सभेच्या आणि 1849 मध्ये मुंबईला परमहंस सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची खूण म्हणून परजातीच्या माणसाच्या हातचा पाव खात. परंतु ते गुप्तपणे. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी 1841 मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ या सहीने पत्रे लिहून ब्रिटिश सत्तेने चालविलेल्या आर्थिक लुटीची आणि राज्यकर्त्यांच्या उद्दामपणाची कठोर चिकित्सा केली. परकीय सत्तेने आणि तिच्या वर्णगर्वाने सुशिक्षित एतद्देशीयाच्या मनात निर्माण केलेली चीड इतक्या स्पष्ट शब्दांत प्रथम व्यक्त करणाऱ्यांत त्यांची गणना होते. तिसरे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग. 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे ते संस्थापक. पुढे 1879 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. अन्नपूर्णा ही त्यांची कन्या.

आत्मारामांनी मुलींना इंग्लंडला पाठविले, ही त्या काळाच्या मानाने विलक्षण गोष्ट होती. 1878 मध्ये, म्हणजे आपल्या कथेच्या वर्षी, मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. ती 1883 मध्ये उघडली. म्हणजे कॉलेजात जाण्याच्या वयाच्या, इंग्रजी वाङ्मयात मुरलेल्या या मुलीला तिच्या स्वतःच्या शहरात एकही कॉलेज पदवीसाठी प्रवेश देऊ शकत नव्हते. जे शिक्षण तिला मिळाले ते परदेशात मिळाले, आणि ते परत आणल्यावर त्याचा उपयोग करण्यास दिवाणखान्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

त्या दिवाणखान्यात 1878 च्या पावसाळ्यात एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा येऊन दाखल झाला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. त्यांनी धाकट्या भावाला इंग्लंडला नेण्यापूर्वी काही महिने आपल्याजवळ अहमदाबादेस ठेवले आणि नंतर सुमारे दोन महिने मुंबईस आपल्या स्नेह्यांच्या, म्हणजे आत्मारामांच्या घरी. हेतू उघड होता. मुलाचे इंग्रजी संभाषण सुधारावे, इंग्रजी रीतीभाती त्याच्या अंगवळणी पडाव्यात, विलायतेत तो बावळट दिसू नये. हे काम अन्नपूर्णेकडे आले. ती त्याच्याहून थोडी मोठी होती.

इथे थोडे थांबले पाहिजे. या दोघांच्या परिचयाचा पाया कोणता होता? दोघेही सुधारक घराण्यांतील, दोघेही भारतीय. परंतु एकाची मातृभाषा दुसऱ्याला येत नव्हती. त्यांच्यामध्ये जी भाषा होती ती राज्यकर्त्यांची. आणि ती केवळ सोय म्हणून नव्हती. गोऱ्या समाजात एतद्देशीय माणसाला उभे राहावयाचे तर आधी त्याने स्वतःला कसे घडवून घ्यावे, याचाच तो पाठ होता. काट्याचमच्यापासून उच्चारापर्यंत प्रत्येक गोष्टीत आपण कमी पडू, ही जी धास्ती त्या पिढीच्या सुशिक्षितांना ग्रासून होती, तिच्यावरचा उपाय म्हणून ही ओळख घडवून आणण्यात आली होती.

मुलाने मात्र या व्यवहाराला एक निराळे वळण दिले. इंग्रजीत आपण तिच्या बरोबरीचे नाही हे जाणवल्यावर आपल्याजवळचे एकमेव धन त्याने पुढे केले. आपण कविता लिहितो असे त्याने सांगितले. ‘भारती’ मासिकात क्रमशः आलेले ‘कविकाहिनी’ हे आपले काव्य तो तिला इंग्रजीत उलगडून सांगू लागला. पुढे त्या वर्षअखेरीस ते पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा त्याची प्रत तिला पाठविण्यात आली आणि तिने ज्योतिरिंद्रनाथांना आभाराचे पत्रही लिहिले. वर्णवर्चस्वाच्या शाळेत नापास होऊ घातलेला मुलगा स्वतःच्या भाषेत मोठा होता, आणि हे पहिल्याप्रथम ओळखले ते तिने. तिने त्याच्याजवळ एक नाव मागितले. त्याने ते दिले, इतकेच नव्हे तर एका गाण्यात गुंफले. ते नाव ‘नलिनी’.

हे नाव कोठून आले ते पाहण्यासारखे आहे. ‘कविकाहिनी’च्या नायिकेचेच ते नाव. त्या काव्यातला कवी नलिनीच्या प्रेमाने तृप्त होत नाही. तो तिला सोडून जग हिंडावयास जातो आणि परततो तेव्हा ती मरण पावलेली असते. काव्य अन्नपूर्णेच्या भेटीपूर्वी लिहिलेले आहे. अर्थात तिचे भवितव्य त्यात वर्तविले होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु एवढे खरे की, जिवंत तरुणीला देण्यासाठी त्या कवीजवळ जे नाव तयार होते ते एका परित्यक्तेचे होते. ती त्या काव्याशी परिचित होती, आणि तरीही तिने ते आनंदाने घेतले.

पुढचे प्रसंग रवींद्रनाथांनी उत्तरायुष्यात, दिलीपकुमार रॉय यांच्याशी बोलताना, आठवून सांगितले आहेत. निजलेल्या स्त्रीचा हातमोजा जो चोरील त्याला तिचे चुंबन घेण्याचा अधिकार मिळतो, असा एक विलायती संकेत तिने एकदा त्याच्या कानावर घातला. आणि थोड्या वेळाने ती आरामखुर्चीत झोपी गेली. जाग आल्यावर तिने हातमोज्यांकडे पाहिले. ते जागच्या जागी होते. या प्रसंगाकडे बहुतेक चरित्रकार कौतुकाने पाहतात. एका लाजाळू मुलाची ती गोड आठवण म्हणून सांगतात. मला त्यात एक खोल अडचण दिसते. ज्या तरुणीला आपल्या मनातले सांगावयाचे होते तिला त्यासाठी उसना संकेत वापरावा लागला. तिच्या घरच्या भाषेत, दादोबांनी जिचे व्याकरण लिहिले त्या मराठीत, तरुण स्त्रीने पुढाकार घेऊन प्रेम सांगण्याची रीतच नव्हती. संतकवितेत ती होती, पण ती देवापुढे. लावणीत ती होती, पण प्रार्थनासमाजाच्या घरात लावणीला प्रवेश नव्हता. उरली ती इंग्रजी रीत. आणि ती ज्याला वाचता यावी म्हणून ती त्याला शिकवीत होती, त्या विद्यार्थ्याचा अभ्यास अजून तिथवर आला नव्हता. किंवा आला असूनही जोडासांकोच्या घरात वाढलेल्या त्या मुलाचे हात उचलले गेले नाहीत. 20 सप्टेंबर 1878 रोजी तो बोटीवर चढला.

अन्नपूर्णेचा विवाह 1880 मध्ये हॅरॉल्ड लिटलडेल यांच्याशी झाला. हे इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक, शेक्सपियरकालीन नाटकाचे संपादक आणि बडोद्यातील प्राध्यापक. जिच्या चुलत्याने ‘एक हिंदू’ या सहीआड राहून गोऱ्या राज्यकर्त्यांचे माप त्यांच्या पदरात घातले होते, तिने चाळीस वर्षांनी उघडपणे एका गोऱ्या गृहस्थाशी लग्न केले. याला सुधारणेचा विजय म्हणावे की इंग्रजी रीतीच्या शिक्षणाची अटळ परिणती, याचा झटपट निवाडा करू नये. ज्या समाजात ती गेली तो तेव्हा कसा होता हे मात्र नोंदलेले आहे. 1883 मध्ये इल्बर्ट विधेयक पुढे आले. जिल्ह्यांतील भारतीय न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालविता यावेत एवढीच त्याची मागणी. सत्येंद्रनाथांसारख्या अधिकाऱ्यांना ते थेट लागू होते. त्यावर गोऱ्या समाजात जो क्षोभ उसळला त्यात इंग्रज स्त्रिया आघाडीवर होत्या. कलकत्त्यात मुलींची शाळा काढण्यासाठी हिंदुस्थानात आलेल्या ॲनेट बेव्हरिज यांनीसुद्धा वृत्तपत्रात पत्र लिहून एतद्देशीय न्यायाधीशाच्या अधिकाराला विरोध केला. 1884 च्या आरंभी विधेयक पातळ करून संमत झाले. त्या दिवसांत श्रीमती लिटलडेल या नावाने वावरणाऱ्या मराठी स्त्रीला दोन्ही बाजूंच्या दिवाणखान्यांत काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना सहज करता येते. तिच्या तोंडचे एक वाक्यही इतिहासाने राखलेले नाही.

तिच्या लगतच्या दोघींशी तुलना केली म्हणजे हे मौन अधिक बोचते. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत भारतीय दोनच होते, आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन. या सखाराम अर्जुनांची सावत्र कन्या रखमाबाई. बालपणी लादलेला विवाह नाकारल्याबद्दल तिच्यावर 1884 मध्ये खटला झाला, तेव्हा तिने ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, आणि नंतर लंडनला जाऊन 1894 पर्यंत वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. दुसरी, नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची ही विद्यार्थिनी पदवी परीक्षेत चमकली. परंतु इंग्लंडसाठीची सरकारी शिष्यवृत्ती ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली. वर्गणीच्या मदतीने ती 1889 मध्ये ऑक्सफर्डला गेली, 1892 मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसली, आणि प्रत्यक्ष पदवी तिच्या हाती पडली ती 1922 मध्ये. या दोघींना नकार मिळाला तो न्यायालयात आणि विद्यापीठात; म्हणून त्याचे कागद झाले, आणि त्या कागदांतून त्या आपल्याला भेटतात. अन्नपूर्णेला मिळालेला नकार एका न उचललेल्या हातमोज्याचा होता. त्याचा कागद झाला नाही. तो उरला केवळ नाकारणाऱ्याच्या आठवणीत.

ती आठवण मात्र प्रामाणिक आहे, हे रवींद्रनाथांच्या बाजूने सांगितले पाहिजे. 1912 च्या ‘जीवनस्मृती’त त्यांनी तिचा विषय टाळला, परंतु 1940 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहिलेल्या ‘छेलेबेला’त ती परत येते. दाढी कधी राखू नकोस, चेहऱ्याची रेषा झाकली जाईल, असे तिने बजावले होते, हे ते सांगतात. आणि आपण ते ऐकले नाही हे तर सर्वांना दिसतेच आहे, फक्त हा आज्ञाभंग पाहण्यास ती राहिली नाही, असे म्हणतात. 1891 च्या जुलैमध्ये एडिंबरा येथे तिचे निधन झाले होते. जगाला ऋषितुल्य भासलेल्या त्या मुखाच्या दाढीमागे एका मराठी मुलीचा न मानलेला शब्द आहे, हे जगाला त्यांनीच सांगितले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. ती स्वतःला काय म्हणवून घेत होती? उत्तर असे की, विवाहानंतरही आपल्या लेखनासाठी तिने ‘नलिनी’ हेच नाव वापरले, आणि तिच्या भावंडांपैकी एकाच्या मुलाचे नाव रवींद्रनाथ ठेवण्यात आले. म्हणजे वडिलांनी दिलेले अन्नपूर्णा, विलायतेने रूढ केलेले ॲना आणि पतीमुळे आलेले लिटलडेल या तीन नावांतून तिने स्वतःसाठी निवडले ते चौथेच. ते देणाऱ्याने मागे टाकले होते. घेणारीने ते जपले. भास्करराव आणि रखमाबाई यांनी टोपणनाव घेतले ते स्वतःला झाकण्यासाठी. तिने ते घेतले ते, माझ्या मते, एका विशिष्ट पावसाळ्यात कोणी तरी आपल्याला आपल्या भाषेत हाक मारली होती, याची खूण म्हणून. ती भाषा मराठी नव्हती, पण इंग्रजीही नव्हती.

मराठी वाङ्मयेतिहासाने तर्खडांच्या घरातील व्याकरण घेतले, पत्रे घेतली, समाज घेतला. त्या घरच्या मुलीचे प्रेम त्याने बंगालीला देऊन टाकले. ते परत मागावयाचे नाही. पण दादोबांच्या नावाशेजारी तिचेही नाव लिहिताना कोणते लिहावे असा प्रश्न पडेल, तेव्हा तिने स्वतः निवडलेले लिहावे.