पास संपायची तारीख

मार्चमध्ये लेक तीन वर्षांची होणार होती. आम्ही राहतो कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत. घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर डिस्नीलँड. तिथे तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तोवर आम्ही एकदाच गेलो होतो आणि तेव्हा ती बहुतेक वेळ माझ्या खांद्यावर झोपलेली होती. वाढदिवसानंतर मात्र ती पूर्ण गिऱ्हाईक होणार होती. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रात्री मी एक्सेल उघडलं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेले दर असे होते : एका पार्कचं एका दिवसाचं तिकीट, दिवस कोणता यावर, १०४ ते २०६ डॉलर. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठीचा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास ५९९ डॉलर. ५९९ भागिले १०४, म्हणजे सहाव्या फेरीला पास फिटतो. तिघांचे मिळून १,७९७ डॉलर, सुमारे दीड लाख रुपये. बायको म्हणाली, "महिन्यातून एकदा तरी जाऊच की रे." बारा फेऱ्या. म्हणजे दुप्पट वसूल. हिशेब पाच मिनिटांत संपला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं. माझे वडील कराड डेपोत एसटीचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पास म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. किंमत त्यांनी विचारलीच नाही.

"संपतो कधी?"

"पुढच्या मार्चमध्ये."

"तोवर तिथंच आहात ना?"

मी "हो" म्हणालो. आदल्याच आठवड्यात माझ्या टीममधल्या दोघांची नोकरी गेली होती, हे त्यांना सांगितलं नव्हतं. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नाहीतर बॅगा भरायच्या.

त्या रात्री एक्सेल बंद करून मी या तिकिटाचा इतिहास वाचायला घेतला. निर्णय पुढे ढकलायचा असला की मी असंच काहीतरी वाचतो. पण यावेळी वाचनाचा उपयोग झाला.

एक डॉलर आणि पाळण्याचे वेगळे

डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्याआधी अ‍ॅनाहाइममधल्या त्या १६० एकरांत संत्र्यांच्या बागा होत्या. तेव्हा मोठ्यांना प्रवेश एक डॉलर होता. पण त्या डॉलरमध्ये फक्त आत जाता यायचं. प्रत्येक राइडचे पैसे वेगळे, १० सेंट्सपासून ३५ सेंट्सपर्यंत.

ही पद्धत मला लगेच कळली, कारण पालच्या खंडोबाच्या यात्रेत मी हेच पाहिलंय. यात्रेत शिरायला पैसे पडत नाहीत, पण आकाशपाळण्याचे वेगळे आणि मौत का कुआँचे वेगळे. अण्णा खिशातून एकेक नोट काढायचे आणि प्रत्येक नोटेबरोबर विचारायचे, "नक्की ह्यातच बसायचंय ना?" त्या प्रश्नामुळे अर्धी मजा जायची. पण आकाशपाळण्यात बसलो तो दिवस आजही लख्ख आठवतो, हेही खरं.

डिस्नीलँडमध्येही हा सारखा खिशात हात घालण्याचा वैताग लवकरच लक्षात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तकं आली. आधी ए, बी आणि सी अशा तीन प्रकारची तिकिटं होती, १९५६ मध्ये डी आलं. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, पाणबुडी आणि मोनोरेल अशा तीन मोठ्या राइड्स सुरू झाल्या आणि त्या वर्षी ई तिकीट आलं. ए म्हणजे साध्यासुध्या गोष्टी, जसा लहान मुलांचा घोड्यांचा गोल पाळणा. ई म्हणजे सगळ्यात भारी. एका पुस्तकात ई तिकिटं मोजकीच. लोक ती आधी संपवायचे आणि उरलेली ए, बी घरी न्यायचे. ती तिकिटं कितीतरी अमेरिकन घरांच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिली. 'ई तिकीट' हा तर वाक्प्रचारच झाला. १९८३ मध्ये सॅली राइड ही अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला ठरली, तेव्हा तिने त्या उड्डाणाचं वर्णन करायला हाच शब्द वापरला.

वॉल्टर ओई यांचं कोडं

पैसे दारात घ्यावेत की पाळण्यापाशी? हा प्रश्न १९७१ मध्ये वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडला. त्याच्या शीर्षकातच डिस्नीलँड आहे. ओई १९२९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. आईवडील जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं, त्यात हे कुटुंबही होतं. पुढे ओईंची दृष्टी हळूहळू गेली. तरी ते अर्थशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक झाले.

त्यांचं म्हणणं सोपं करून सांगतो. पाळणा फिरतोच आहे. त्यात आणखी एक माणूस बसला तर मालकाचा खर्च जवळजवळ वाढत नाही. मग प्रत्येक फेरीला जास्त पैसे लावले, तर लोक कमी फेऱ्या मारतील आणि कमी खूश होतील. त्यापेक्षा फेरी जवळजवळ फुकट ठेवा, माणसाला मनसोक्त खेळू द्या आणि त्या सगळ्या आनंदाची किंमत दारातच एकरकमी घ्या. सगळी गिऱ्हाइकं एकसारखी असती तर मालकाला यातच सगळ्यात जास्त फायदा. अडचण अशी की गिऱ्हाइकं एकसारखी नसतात. कुणाला दहा फेऱ्या हव्या असतात, कुणाला एक. एकच दर ठेवला तर एक फेरीवाला दारातूनच परत जातो.

एकरकमी तिकीट ही कल्पना तशी जुनीच होती. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू यांनी १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क उघडलं आणि तिथे २५ सेंट्सचं एकत्रित तिकीट चालवलं. हा माणूस इतका हिशेबी, की १९०७ मध्ये पार्क जळालं तेव्हा त्याने जळके अवशेष बघायला दहा सेंट्स लावले. १९६१ मध्ये सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सस सुरू झालं, तेही एकाच तिकिटात सगळ्या राइड्स घेऊन. डिस्नीलँडने मात्र तिकिटांची पुस्तकं १९८२ पर्यंत चालवली. त्या वर्षी ती बंद झाली आणि १२ डॉलरमध्ये दिवसभर काहीही, कितीही वेळा असा 'पासपोर्ट' आला.

आधी विकली जात होती एक फेरी. आता एक दिवस विकला जाऊ लागला. त्याच दशकात पुढची उडी झाली, एक वर्ष विकण्याची.

'प्रतिकूल' गिऱ्हाईक

वार्षिक पास हा पार्कवाल्यांसाठी सुरुवातीला उत्तम सौदा होता. दुरून येणारा पर्यटक सुट्टीत येतो, बाकीचे दिवस पार्क रिकामं. स्थानिक माणूस मंगळवारी संध्याकाळीही येतो, काही खातो आणि लेकराला टोपी घेतो. पैसेही आगाऊ मिळतात. पण डिस्नीलँडच्या आजूबाजूला लोकवस्ती प्रचंड. पासवाले वाढत गेले. कुणी ऑफिस सुटल्यावर तासभर फिरायला यायचं, कुणी फक्त जेवायला.

मग महामारी आली. १४ मार्च २०२० ला पार्क बंद झालं ते ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, जुनी पास योजनाच गुंडाळली गेली. ऑगस्टमध्ये ती 'मॅजिक की' नावाने परत आली. ३९९, ६४९, ९४९ आणि १,३९९ डॉलर असे चार दर. यावेळी नियम असा, की पास असला तरी आधी त्या दिवसाचं आरक्षण हवं. जागा असेल तर या.

पासचा अर्थ इथे बदलला. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. आधी 'अनलिमिटेड' विकायचं आणि सर्व्हर दमला की मर्यादा घालायच्या, हे आम्ही नेहमीच करतो. सगळ्यात महाग पासवर एकही दिवस वगळलेला नाही असं सांगितलं होतं, तरी आरक्षण मिळत नाही, म्हणून एका पासधारक महिलेने कोर्टात दावा लावला. तो अनेकांच्या वतीने चालला आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर मिटला. कंपनीने चूक मान्य केली नाही.

त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, कंपनीच्या तिमाही अहवालात एक शब्दप्रयोग आला होता. डिस्नीलँडमधल्या गर्दीचं मिश्रण 'प्रतिकूल' होतं, असा त्याचा अर्थ. पासवाल्यांनी तो आपल्यालाच उद्देशून आहे असं मानलं आणि लगेच 'प्रतिकूल' असं छापलेले टी-शर्ट घालून ते पार्कात फिरू लागले. मला हे टी-शर्ट फार आवडले. कारण गिऱ्हाईक प्रतिकूल कधी ठरतं? पास फिटला की. जो दोनदा येतो तो अनुकूल. जो चाळीसदा येतो तो प्रतिकूल. माझ्या एक्सेलमधली बारा फेऱ्यांची ओळ खरी ठरली तरच माझा फायदा आहे आणि ती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही.

जिमचा पास

हे नुसतं माझं मत नाही. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन जिमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची माहिती होती. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून जास्त. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचं कार्ड मिळत होतं, फेरीला १० डॉलर दराने. माणसं न जाण्याचे पैसे भरत होती. सगळ्यांनी आपापल्या मनात एक एक्सेल उघडलं होतं आणि त्यात स्वतःच्या जागी जरा बरा माणूस लिहिला होता.

दुसरा प्रयोग १९८५ चा, हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांचा. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे हंगामी पास काहींना पूर्ण किमतीत दिले, काहींना न सांगता सवलतीत. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात फरक उरला नाही. पैसे भरल्याची बोच काही महिने आपल्याला घराबाहेर काढते, मग विरते.

ही बोच मला घरातून माहीत आहे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढून आम्ही एकदा निघालो होतो. पास फिटलाच पाहिजे म्हणून अण्णांनी इतकी गावं केली, की आईला शेवटी फक्त स्टँड आठवत होते. स्वतः कंडक्टर असलेल्या माणसाची ही गत.

तारखेचा रकाना

मी पुन्हा एक्सेल उघडलं. स्वस्त पासात शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे बहुतेक दिवस बंद असतात. म्हणजे तो चालतो तेव्हा मी ऑफिसात. बारा फेऱ्यांच्या प्रामाणिकपणे चार झाल्या. पार्किंग वेगळं. पैसे हप्त्याने भरायची सोय आहे, पण नोकरी गेली म्हणून हप्ते थांबत नाहीत. पास दुसऱ्याला देताही येत नाही.

मग मी अण्णांचा रकाना घातला : संपायची तारीख. आणि तो फक्त पासापुढे ठेवून भागेना. घराचा करार, गाडीचा विमा, व्हिसा, सगळं खाली उतरवलं. तेव्हा कळलं, की पास घ्यायची माझी इतकी घाई डिस्नीलँडसाठी नव्हतीच. पुढच्या मार्चपर्यंत आपण इथे आहोत, असं कुणीतरी छापून द्यावं एवढंच मला हवं होतं. ५९९ डॉलरला ते मिळत नाही. बायकोला शीट दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दोघांची नोकरी गेली हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्या रात्री पासाबद्दल पुढे बोलणं झालं नाही. बाकी सगळ्याबद्दल झालं.

वाढदिवसाच्या आधीच्या मंगळवारी मी रजा टाकली. आम्हा दोघांची एका दिवसाची तिकिटं काढली, लेक शेवटची फुकट. फँटसीलँडमधल्या घोड्यांच्या पाळण्यावर ती चार वेळा बसली. हा पाळणा १९५५ पासूनचा, जुन्या पुस्तकातला ए तिकीटवाला. चौथ्यांदा ती रांगेकडे पळाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण "नक्की ह्यातच बसायचंय ना?" असं एकदाही विचारलं नाही. दारातच सगळे पैसे घेण्यात ओईंना दिसलेला फायदा मालकाचा होता. त्यातला थोडासा आमच्याही वाट्याला आला.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "काय मग, पास काढला?"

"नाही अण्णा. एका दिवसाचं तिकीट काढलं."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना?"

यावेळी मी खरं सांगितलं.