फाशांचे कायदे आणि जुगाऱ्याचे घर : वाईच्या धर्मकोशाच्या निमित्ताने

कृष्णाकाठचे वाई आज पुष्कळांना घाटांसाठी आणि चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी ठाऊक असते. याच गावातील प्राज्ञपाठशाळेने १९३७ साली 'धर्मकोश' या प्रचंड ग्रंथाच्या व्यवहारकाण्डाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि १९४१ साली त्याचा तिसरा भाग आला. संपादक होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. 'व्यवहार' म्हणजे येथे न्यायालयात जाणारा तंटा. कर्ज, ठेव, भागीदारी, शिवेचा वाद, वारसा अशी तंट्याची अठरा पदे स्मृतींनी मानली आहेत. मनूच्या क्रमात त्यांतील अठरावे पद 'द्यूतसमाह्वय' हे आहे. निर्जीव वस्तूंनी, म्हणजे फासे वगैरेंनी खेळले तर ते द्यूत. कोंबडे, मेंढे असे प्राणी पैज लावून झुंजवले तर ते समाह्वय.

जुगार बंद करावा की नियमात बसवावा, हा वाद आपल्याला मोबाइलच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तो दोन हजार वर्षे चालू आहे आणि त्यातील युक्तिवादही फारसे बदललेले नाहीत. या वादात जुगाऱ्याचे स्वतःचे काय होते हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. त्याचे उत्तर दुसरीकडे, सूक्तांत, नाटकांत आणि कथांत नोंदलेले सापडते.

आधी कायदा पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाची भूमिका निःसंदिग्ध आहे : राजाने द्यूत आणि समाह्वय दोन्ही राज्यातून हद्दपार करावीत, ती उघड चोरीच आहे, आणि शहाण्याने गंमत म्हणूनही त्यांच्या वाटेला जाऊ नये. याज्ञवल्क्याची वाट वेगळी. तो 'सभिक' म्हणजे अड्डेवाला गृहीत धरतो आणि त्याचा हिस्सा ठरवून देतो : पण शंभर किंवा अधिक असेल तर शेकडा पाच, त्याहून कमी असेल तर शेकडा दहा. सभिकाने राजाचा ठरलेला भाग द्यावा, हरणाऱ्याकडून वसुली करून जिंकणाऱ्याच्या हाती पैसे ठेवावेत आणि शब्दाला जागावे. खोटे फासे वापरणाऱ्याला डाग देऊन हाकलावे. सारा जुगार एकाच ठिकाणी, देखरेखीखाली चालावा, कारण त्यामुळे चोर ओळखू येतात! कौटिल्यही हेच सांगतो. त्याच्याकडे द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. फासे भाड्याने मिळतात, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच कापले जातात आणि अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड होतो. बृहस्पतीने तर दोन्ही मते शेजारी मांडली आहेत : मनूने द्यूताचा निषेध केला, इतरांनी राजाला वाटा मिळतो म्हणून त्याला परवानगी दिली.

या नियमांचा रोख कशावर आहे ते लक्षात घ्यावे. फासे खरे असावेत, वसुली चोख व्हावी, खजिन्याचा भाग बुडू नये. हरणाऱ्याकडून पैसे कसे काढावेत याची तरतूद आहे. तो हरल्यावर त्याच्या घरी चूल कशी पेटेल याची नाही. 'जबाबदार जुगार' या कल्पनेचा हा जुना अवतार म्हणता येईल, पण त्यातली जबाबदारी अड्डेवाल्याची होती, आणि तीही राजापुढे व विजेत्यापुढे.

गंमत अशी, की जुगाऱ्याचे सर्वांत नेमके निरीक्षण त्याच अर्थशास्त्राच्या दुसऱ्या एका अधिकरणात आहे. आठवे अधिकरण 'व्यसनां'चे आहे. व्यसन या शब्दाचा तिथला अर्थ राज्यावर किंवा माणसावर कोसळणारी आपत्ती असा. शिकार, द्यूत, स्त्री आणि मद्य यांपैकी कोणते व्यसन अधिक घातक याची तेथे आचार्यांमध्ये रीतसर चर्चा चालते. कौणपदन्त नावाचा आचार्य सांगतो, की जुगारी अखंड खेळतो, रात्री दिव्याच्या उजेडात खेळतो, आई मेलेली असतानाही खेळतो. आणि तो अडचणीत सापडला असता कोणी विचारपूस केली तर तो चिडतो. द्यूताचे दोष मोजताना पुढे असेही येते, की मल-मूत्र अडवून धरल्याने आणि उपाशी राहिल्याने त्याला रोग जडतात. हे उपदेशकाचे वर्णन नाही. हे कोणीतरी अड्ड्याच्या दाराशी उभे राहून पाहिलेले आहे. विचारल्यावर येणारा तो राग तर आजच्या कोणत्याही समुपदेशकाला ओळखीचा वाटेल.

याहून कितीतरी जुने साक्षीपत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त, म्हणजे अक्षसूक्त. चौदा ऋचांच्या या सूक्तातील बराचसा भाग जुगारी स्वतः बोलतो. त्याचे फासे म्हणजे बिभीतकाची फळे, म्हणजे आपल्या त्रिफळ्यातला बेहडा. पत्नी त्याच्याशी कधी भांडली नव्हती, त्याच्या मित्रांशीही ती चांगली वागे. तरी फाशांपायी त्याने तिला दुरावले. सासू द्वेष करते. आईबाप आणि भाऊ वसुलीला आलेल्यांना सांगतात, की आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. कर्जाच्या धास्तीने तो रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे वळतो. आता खेळायचे नाही असा निश्चय तो करतोही. पण सोबती निघून गेल्यावर फाशांचा आवाज कानी येतो आणि त्याची पावले तिकडे वळतात. दुसऱ्यांचे नीटनेटके संसार पाहून त्याच्या पोटात तुटते, आणि तरीही सकाळी तो पुन्हा खेळायला बसतो. शेवटी सवितृदेवाच्या तोंडून त्याला शेती कर असा सल्ला मिळतो.

निश्चय मोडण्याचा हा क्षण शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त रंगमंचावर दिसतो. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक संगीत रूपात मराठीत आणले. दुसऱ्या अंकातला संवाहक पूर्वी चारुदत्ताकडे अंग रगडण्याच्या कामावर होता. धनी निर्धन झाल्यावर तो जुगारावर जगू लागतो आणि दहा सुवर्णांच्या देण्यात अडकतो. माथुर नावाचा सभिक मागे लागतो, तेव्हा संवाहक पावलांच्या खुणा चकवण्यासाठी उलटा चालत एका ओसाड देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तिथेच फासे टाकायला बसतात. जिवाची भीती असतानाही त्या आवाजाने त्याचा संयम सुटतो, तो डावात उडी घेतो आणि पकडला जातो. प्रेक्षक येथे हसतात, आणि हसावे असेच ते दृश्य आहे. पण व्यसनाची यापेक्षा अचूक व्याख्या शोधणे कठीण. पुढे वसंतसेना हातातले कडे देऊन त्याचे देणे फेडते आणि तो भिक्षू होतो.

आता घरातल्यांकडे वळू. वनपर्वातल्या नलोपाख्यानात नल महिनोन्महिने पुष्कराशी द्यूत खेळत राहतो. मंत्री आणि प्रजाजन दाराशी येतात, दमयंती निरोप देते, तो उत्तरही देत नाही. तेव्हा दमयंती जे करते त्याला रडण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व दिले पाहिजे : सर्वस्व जाण्यापूर्वीच ती वार्ष्णेय सारथ्याला बोलावते आणि दोन्ही मुलांना विदर्भात, कुंडिनपूरला, माहेरी पाठवून देते. नवरा आता ऐकण्याच्या पलीकडे गेला आहे हे तिने ओळखले होते. या कथेची एक बाजू मात्र धोक्याची आहे. नल ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो आणि शेवटच्या एका डावात गेलेले सारे परत जिंकतो. प्रत्येक जुगाऱ्याला पडणारे स्वप्न नेमके हेच असते.

मराठीतील आद्य गद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या, तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त असाच एक प्रसंग आहे. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, म्हणजेच पुढचे चक्रधरस्वामी, द्यूतात मोठी रक्कम हरतो आणि पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो. ती नकार देते. तो अन्नावाचून पडून राहतो. कारण कळल्यावर वडील देणे चुकते करतात. संसारातून त्याचे मन उडते आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो. परंपरेने या प्रसंगाकडे वैराग्याचे कारण म्हणून पाहिले, आणि ग्रंथाच्या दृष्टीने ते योग्यच. पण आजच्या वाचकाने कमळाइसेच्या नकाराशी थोडे थांबावे. जुगाऱ्याच्या घरात देणे फेडणारे हात पुष्कळदा व्यसनालाच पुढच्या डावाचे भांडवल पुरवतात.

खेळाला मर्यादा घालण्याचा एक प्रयत्न लोकाचारानेही केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, 'द्यूतप्रतिपदा' असेही नाव आहे. वर्षातला तो एक दिवस खेळण्याचा. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, तेव्हा खेळ मुळातच पाप आहे असे सरसकट कोणी मानले नव्हते. दिवस ठरवला, की खेळ संपण्याची वेळही ठरते. ती वेळ पाळता न येणे ही पहिली खूण.

इंग्रजी अमलातल्या कायद्याने प्रश्न पुन्हा जुन्याच रुळावर नेला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्डे चालवणे हा गुन्हा ठरवला, पण निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. त्यानंतर वकिलांची भांडणे 'कौशल्य की नशीब' यावरच होत राहिली. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या त्या निकालपत्रात ऋग्वेद, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य हे सारे हजर आहेत. पुढे मुंबईत मटका फोफावला, १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब हा भेद ठेवलेला नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो भेद फार पूर्वीच निरर्थक होता. आपल्याला खेळ 'कळतो' ही खात्रीच पुष्कळांना टेबलापाशी धरून ठेवते. युधिष्ठिर सर्वस्व हरल्यानंतर अज्ञातवासात विराटाकडे राहिला तो कंक नावाने, द्यूतातील जाणकार म्हणूनच.

वैद्यकशास्त्राने जुगाऱ्याकडे रोगी म्हणून पाहायला बराच वेळ घेतला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली आला, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला. तिथे नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी चार किंवा अधिक बारा महिन्यांच्या काळात दिसली, तर निदान होते. तीच थरारकता मिळावी म्हणून रक्कम वाढवत नेणे, थांबल्यावर अस्वस्थ किंवा चिडखोर होणे, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, मनात सतत तोच विचार, दुःखात खेळाकडे वळणे, हरलेले भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी परतणे, खोटे बोलणे, नाती, शिक्षण किंवा नोकरी धोक्यात येणे, आणि देणे फेडायला इतरांकडे हात पसरणे. कौणपदन्ताचा चिडणारा जुगारी, अक्षसूक्तातला मोडलेला निश्चय, सकाळी पुन्हा मांडलेला डाव आणि हरिपाळदेवाची दागिन्यांची मागणी यांना या यादीत सहज जागा मिळते.

हल्ली दिव्याच्या जागी पांघरुणाखालचा मोबाइल असतो, आणि वसुलीला सभिकाऐवजी कर्ज देणाऱ्या ॲपचे फोन येतात. एखाद्या मित्राच्या खोलीत हे दिसू लागले, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते, आणि फोन मित्राने किंवा घरच्यांनी केला तरी चालतो.