पाच दिवसांची शिदोरी : हर्बी निकल्सची ध्वनिमुद्रणे

‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे ऐकले किंवा वाचले असतील. बिली हॉलिडे या जॅझ गायिकेच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे ते नाव. तिच्या आयुष्यावर १९७२ साली चित्रपट निघाला, त्याचेही नाव तेच. पण हे एका गाण्याचेही नाव आहे आणि त्या गाण्याची चाल हर्बी निकल्स या पियानोवादकाची. त्याने ती ‘सेरेनेड’ या नावाने नुसत्या वाद्यासाठी बांधली होती. बिलीने तिला शब्द दिले आणि नवे नावही दिले. पुस्तक, चित्रपट आणि गाणे या तिन्हींना नाव मिळाले. चाल बांधणाऱ्याचे नाव मात्र जॅझच्या नेमक्या जाणकारांपलीकडे आजही फारसे कुणाला ठाऊक नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत न्यूयॉर्कच्या पियानोवादकाचे काय काम, असे वर्गमित्र विचारतीलच, आणि त्यांचा तो हक्कच आहे. मेळावा म्हटला की कोण कुठे पोहोचला याचा हिशेब थोडाफार होतोच. त्या हिशेबाने पाहिले तर निकल्सच्या जमेच्या रकान्यात फार काही सापडत नाही. तरीही त्याचे संगीत आज आपल्याला ऐकता येते, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे मोजून पाच दिवस त्याला एक चांगली ध्वनिमुद्रण कंपनी मिळाली. दुसरे म्हणजे तो गेल्यावर त्याचे कागद जपणारा आणि त्याच्या चाली वाजवत राहणारा एक सोबती निघाला. मला सांगायचे आहे ते या दोन गोष्टींविषयी.

निकल्सचा जन्म ३ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कच्या सॅन वॉन हिल या वस्तीत झाला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. पुढे कुटुंब हार्लेमला राहायला गेले. मुलगा लहानपणी पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने पियानो शिकला, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गेला, कविता लिहू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. १९४१ मध्ये त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. नेमक्या त्याच काळात हार्लेममधल्या क्लबांतून रात्ररात्र चालणाऱ्या मैफलींत ‘बीबॉप’ ही नवी शैली आकाराला येत होती. परत येईपर्यंत त्या मंडळींचे गट जुळून गेले होते.

त्या गटांतला सर्वांत वेगळा पियानोवादक थेलोनियस मंक. तोही सॅन वॉन हिलमध्येच वाढलेला, वयाने सव्वा वर्षाने मोठा. मंकला तेव्हा बरेच जण विक्षिप्त म्हणून बाजूला सारत होते. अशा वेळी १९४४ साली ‘म्युझिक डायल’ या हार्लेममधून निघणाऱ्या मासिकात निकल्सने त्याच्याविषयी लिहिले. मंकवरच्या अगदी सुरुवातीच्या छापील लेखनात या मजकुराची गणना होते. पुढे मंकला त्याचे श्रोते मिळाले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये. तेव्हा निकल्सला जाऊन दहा महिने झाले होते.

पोटासाठी निकल्स मिळेल ते वाजवत असे. जुन्या वळणाच्या डिक्सीलँड बँडांत त्याची बरीच वर्षे गेली. ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘पेज थ्री’ या क्लबात तो गायकांना साथ करत असे. शीला जॉर्डन ही पुढे नावारूपाला आलेली गायिका तिथे त्याच्या साथीने गायली आहे. स्वतःच्या चाली तो घरी लिहून ठेवत होता. १९५१ मध्ये मेरी लू विल्यम्स या ज्येष्ठ पियानोवादिकेने त्यांतल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. त्याच्या रचनांकडे लक्ष देणारी नावाजलेली कलावंत त्या काळात जवळजवळ तीच.

‘ब्लू नोट’ या कंपनीचे आल्फ्रेड लायन यांच्याकडे निकल्स कित्येक वर्षे खेटे घालत होता. मंकच्या पहिल्या महत्त्वाच्या तबकड्या याच कंपनीने काढल्या होत्या. अखेर १९५५ मध्ये बोलावणे आले. ६ आणि १३ मे, १ आणि ७ ऑगस्ट, मग पुढच्या वर्षी १९ एप्रिल, असे ते पाच दिवस. ध्वनिमुद्रण झाले न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करत. जॅझमधल्या कितीतरी नामांकित तबकड्या त्या दिवाणखान्यातल्या आहेत.

साथीदार अव्वल होते. ड्रमवर आधी आर्ट ब्लेकी, नंतर मॅक्स रोच. बासवर अल मॅकिबन आणि शेवटच्या दिवशी टेडी कोटिक. पियानो, बास आणि ड्रम एवढीच तीन वाद्ये. या पाच दिवसांत तीसेक रचना मुद्रित झाल्या आणि एखाददुसरी सोडली तर सगळ्या निकल्सच्या स्वतःच्या. ज्याला इतकी वर्षे दार उघडत नव्हते त्याने दार उघडताच घरात साठवलेले सगळे बाहेर आणून ठेवावे, तसा हा प्रकार.

या संगीताचे वेगळेपण थोडक्यात सांगतो. जॅझमध्ये आधी चाल वाजवतात, मग त्या चालीच्या चौकटीत वादक आपला विस्तार करतो आणि शेवटी पुन्हा चालीवर येतो. बंदिश आणि बढत यांचे नाते ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवीन नाही. ही चौकट बहुधा ठरावीक मापाची असते. निकल्सची तशी नसते. आता समेवर येणार असे वाटावे आणि त्याने आणखी दोन पावले पुढे जाऊन भलत्याच बाजूने परतावे, असे वारंवार घडते. पण हिशेब कुठेही चुकत नाही. विस्तारातही तो मूळ चालीचे बोट सोडत नाही. तिचाच एखादा तुकडा उचलतो, उलटून पाहतो आणि जागेवर ठेवतो.

दुसरे वैशिष्ट्य ड्रमचे. आपल्या एका तबकडीच्या वेष्टनावरचे टिपण निकल्सने स्वतः लिहिले आहे. ड्रमच्या नादातल्या सुरांविषयी त्याला किती आस्था होती ते त्यातून कळते. त्याच्या चालींत म्हणूनच मोकळ्या जागा आहेत. पियानो प्रश्न विचारून थांबतो आणि ड्रम उत्तर देतो. डग्ग्याची घुमारी ज्यांच्या कानात आहे त्यांनी ब्लेकीची साथ या दृष्टीने ऐकून पाहावी.

आणि तिसरे म्हणजे या चाली हसऱ्या आहेत, पण त्या हसण्याखाली काहीतरी हुरहूर आहे. ‘हाउस पार्टी स्टार्टिंग’ या रचनेचे नाव सांगते की घरात समारंभ सुरू होतो आहे. संगीत मात्र दाराशी उभे राहून आत जावे की नाही असा विचार करणाऱ्या पाहुण्याचे वाटते. नावे तर एकेक मासलेवाईक : ‘अमीबाज डान्स’, ‘क्रो-मॅग्नन नाइट्स’, ‘हँगओव्हर ट्रँगल’. कविता लिहिणारा माणूस नावांतूनही दिसतो.

एवढे असून तबकड्या चालल्या नाहीत. कारणे शोधायला लांब जायला नको. पहिले दोन संच दहा इंची तबकड्यांवर निघाले आणि त्याच सुमारास ते माप बाजारातून जाऊन बारा इंचीचे आले. तिसरा संच बारा इंचीवर निघाला, पण वाजवलेल्या रचनांपैकी काही तशाच पडून राहिल्या. शिवाय चार वादक सहज जमले की सगळ्यांना पाठ असलेल्या चाली वाजवतात. निकल्सच्या चाली तालमीशिवाय वाजवता येत नाहीत. तालीम करायला स्वतःचा बँड हवा आणि त्याला क्लबांत नियमित काम हवे. ते त्याला कधी मिळाले नाही. ट्रंपेट-सॅक्सोफोनसारखी वाद्ये घेऊन आपल्या नावावर आपल्या रचना मुद्रित करण्याची संधीही आली नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये ‘बेथलेहेम’ या कंपनीसाठी आणखी एक तबकडी मुद्रित झाली, ‘लव्ह, ग्लूम, कॅश, लव्ह’. त्याच्या नावावरची ती शेवटची. १२ एप्रिल १९६३ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. वय ४४.

इतिहास इथे संपला असता. पण १९६०च्या सुमारास रॉझवेल रड हा तरुण ट्रॉम्बोनवादक निकल्सच्या सहवासात आला होता. वयाने सोळा वर्षांनी लहान, येल विद्यापीठात शिकलेला. त्याने निकल्सच्या चाली निकल्सकडूनच शिकून घेतल्या आणि पुढे आयुष्यभर वाजवल्या. १९६६ मध्ये ए. बी. स्पेलमन यांचे चार जॅझ कलावंतांवरचे पुस्तक आले. सेसिल टेलर, ऑर्नेट कोलमन आणि जॅकी मॅक्लीन यांच्या पंक्तीला त्यात निकल्स होता. चौघांपैकी हयात नसलेला तो एकटाच.

मग ओघ सुरू झाला, सावकाश. १९८२ मध्ये रड, सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी आणि डच पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग यांनी ‘रीजनरेशन’ ही तबकडी केली. तिच्यात तीन रचना निकल्सच्या आणि तीन मंकच्या. वाड्यातले दोन बिऱ्हाडकरू शेवटी एका ओसरीवर बसले, असे ती ऐकताना वाटते. १९८७ मध्ये ‘मोझेइक’ कंपनीने ब्लू नोटचे सगळे काम एकत्र प्रसिद्ध केले आणि बत्तीस वर्षे पडून राहिलेल्या रचना लोकांनी प्रथम ऐकल्या. न्यूयॉर्कच्या फ्रँक किंब्रो आणि बेन ॲलिसन या पुढच्या पिढीतल्या वादकांनी ‘हर्बी निकल्स प्रोजेक्ट’ हा गट स्थापून फुंकवाद्यांसह त्याच्या रचना वाजवल्या. निकल्सला जे जमवता आले नव्हते ते त्यांनी जमवले. आणि १९९६ मध्ये रडने ‘द अनहर्ड हर्बी निकल्स’ या नावाने अशा चाली मुद्रित केल्या, ज्या निकल्सने कागदावर लिहिल्या पण कधी मुद्रित केल्या नव्हत्या. त्यात ट्रॉम्बोन आहे, गिटार आहे, ड्रम आहेत. पियानो नाही. निकल्सची जागा रडने कुणाला दिली नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

निकल्सला ‘अपयशी’ म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि ‘काळाच्या पुढचा’ म्हणणारेही. मला दोन्ही शब्द पुरेसे वाटत नाहीत. त्याने आपले काम पूर्ण केले होते. अपुरे होते ते ऐकणाऱ्यांकडचे. ते काही अंशी भरून निघाले याचे श्रेय एका सोबत्याच्या चिकाटीला जाते. सोबत्याचे काम म्हणजे केवळ आठवण काढणे नव्हे. त्याने रचना शिकून घेतल्या, उतरवून घेतल्या आणि पन्नासहून अधिक वर्षे इतरांना ऐकवल्या. २०१७ मध्ये रडही गेला. या मेळाव्याच्या निमित्ताने आपण सारे जमतो आहोत, तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या कपाटात कुणाची वही, हस्तलिखित किंवा ध्वनिफीत पडून असेल तर ती बाहेर काढावी, एवढेच यातून सुचवावेसे वाटते.

ज्यांना निकल्स ऐकायचा आहे त्यांनी ‘हाउस पार्टी स्टार्टिंग’पासून सुरुवात करावी. पहिल्यांदा ती साधी वाटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावी. मग ‘द गिग’ आणि ‘शफल माँटगोमेरी’. शेवटी त्याच्या स्वतःच्या बोटांतून आलेली ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’. तिच्यात शब्द नाहीत, गायिका नाही. आहे ती फक्त चाल, आणि ती ज्याची आहे तोच ती वाजवतो आहे.