बाबासाहेब परदेशातून परतले तेव्हा

आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता शिकायला, नोकरीला परदेशी जातात. सुट्टीत आली की विहारात वंदनेला येतात आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तिकडे कोणी जात विचारत नाही." म्हाताऱ्या मंडळींना ऐकून बरं वाटतं. मला मात्र अशा वेळी १९१७ सालचे बाबासाहेब आठवतात.

परमपूज्य बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्माचा सोबती झाला. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई नसला की दिवसभर तहानलेले राहावे लागे, तो इथे सगळ्यांच्या बरोबरीने बसत, जेवत, वाचत होता. पुढे स्वतःच्या आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी कबूल केले आहे, की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती.

म्हणजे जातीचा विचार सुटला होता असे नाही. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली ती चौकट टिकवण्यासाठी आल्या, अशी त्याची मांडणी. निबंध अभ्यासकाच्या शांत भाषेत आहे, स्वतःच्या दुःखाविषयी त्यात चकार शब्द नाही. जात तेव्हा अभ्यासाच्या टेबलावर होती.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये ते परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बुडवली गेली. त्याची जी भरपाई मिळाली त्यातून बडोद्याचा प्रवासखर्च निघाला, असे चरित्रकार सांगतात. बडोदा आले आणि पहिला प्रश्न पडला, राहायचे कुठे? अमेरिकेत ओळख झालेले बडोद्याचे मित्र होते. पण ते आता घरात घेतील का, याची खात्री वाटेना. बघा, माणसं तीच, फक्त देश बदलला होता!

शेवटी ते पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशांनाच जागा, म्हणून रखवालदाराच्या संमतीने पारशी नाव वहीत लिहिले. दिवसाला दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर मोडक्या खुर्च्या, बाकडी, फळ्यांचा ढिगारा, वटवाघळे, आणि रात्री दिवा नाही. त्या अंधारात ते दिवस काढत होते. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून दरडावून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारले. एक हिंदू, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, त्याने बायकोचा सल्ला घ्यावा लागेल म्हणून टाळले. दुपारी चारच्या सुमारास सामान घेऊन ते कामाठी बागेत बसले. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा समजले, असे त्यांनी लिहिले आहे. एरवी परदेशी राहून आलेला माणूस एक तर देशाला नावे ठेवतो, नाहीतर तिकडे बसून इथल्या आठवणींनी हळहळतो. बाबासाहेबांनी यातले काहीच केले नाही. माझ्या मते ती विसरलेली वर्षेच त्यांची मोजपट्टी झाली. जे तिकडे सहज घडते ते इथे घडत नसेल, तर ते निसर्गाने ठरवलेले नाही, माणसांनी केले आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले. मग सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून कर्ज असे पैसे जमवून ते जुलैमध्ये पुन्हा लंडनला गेले. अर्धवट शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये आले, आणि २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली.

आता आपल्या मुलांच्या वाक्याकडे येतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. तिथले ते पहिलेच शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म आपल्या पुण्यातला. गोऱ्या माणसाला आडनावावरून जात कुठली कळायला? कायदा करावा लागला तो इथून गेलेल्या आपल्याच लोकांमुळे. "गाव कुठलं, आडनाव काय" हा प्रश्नही त्याच विमानाने तिकडे गेला आहे. बाबासाहेबांना विसर पडण्याएवढी तरी मोकळीक मिळाली होती!

मात्र परदेशातून आपल्याकडे काही परतही आले आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी धम्म शोधत १९०२ मध्ये सिलोनला गेले, पुढे ब्रह्मदेश आणि हार्वर्डलाही, आणि १९१२ पासून पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. इथे जन्मलेला धम्म शिकायला परदेश गाठावा लागला! बाबासाहेबही १९५० मध्ये सिलोनला गेले, तिथे चालताबोलता बौद्ध समाज पाहिला. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. आणि त्याच महिन्यात, २५ तारखेला, ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी आपल्या हातांनी देहूरोडच्या विहारात बसवली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा पावणेदोन वर्षे अवकाश होता. दर वर्षी २५ डिसेंबरला आपल्या वस्तीतली माणसे तिथे वंदनेला जातात.

नमो बुद्धाय! जयभीम!