लाईट गेल्यावरचं रामायण

रामायण मालिकेचा पहिला भाग आमच्या आजोळी, लातूरकडच्या मुरुडला, कुणीच पुरता पाहिलेला नाही. २५ जानेवारी १९८७, रविवार. सकाळी साडेनऊला मालिका सुरू झाली आणि थोड्याच वेळात लाईट गेली. मामा ट्रॅक्टरची बॅटरी काढायला पळाले. जमलेली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून आजीनं दशरथाची गोष्ट तिथून पुढं धरली. श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ तिनं उभा जन्म ऐकलेला. बॅटरी जोडून चित्र परत आलं, तेव्हा बायकांतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या त्ये. माय, तुम्हीच सांगा."

मी तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेले. हे सगळं मला सांगण्यातूनच मिळालंय.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. मुरुडला मात्र चिमणराव-गुंड्याभाऊ वर्तमानपत्रातूनच ठाऊक. १९७५-७६मध्ये उपग्रहाच्या प्रयोगातून सहा राज्यांतल्या खेड्यांत सरकारी संच बसले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. तिकडं सोयरिकीला गेलेले आजोबा शाळेपुढची गर्दी पाहून आले आणि घरी सांगितलं, तर कुणाला पटेना. १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली, त्याच जुलैत ‘हम लोग’ सुरू झालं. आमचा शटरवाला संच त्यानंतर कधीतरी लातूरहून एसटीच्या टपावर बसून आला.

माळवदावर अँटेना. एकजण वर, एक जिन्यात, एक संचापुढं. "आलं का?" "मुंग्या हायेत!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" हा संवाद मामा आजही तिन्ही आवाजांत करून दाखवतात.

संच ठेवला ढाळजेत, म्हणजे बाहेरच्यांनाही दिसावा. आजी सांगायची ती उदबत्तीबद्दल, न्हाऊन ओल्या केसांनी आलेल्या बायकांबद्दल, पडद्याला वाहिलेल्या फुलांबद्दल. ढाळजेच्या उंबऱ्याबाहेर, उन्हात, कोण उभं राहून बघायचं आणि त्यांना आत या असं कुणीच का म्हणायचं नाही, हे ती कधी सांगायची नाही. ते मला मामांनी सांगितलं, फार उशिरा, मान खाली घालून. आजीच्या रामायणावर माझं अतोनात प्रेम आहे. तो उंबराही मला त्यातून काढता येत नाही.

आजीला गप्प झालेलं मी स्वतः एकदाच पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, माळवदाची माती अंथरुणावर सांडली, आम्ही सगळे रस्त्यावर. मग बातम्यांत किल्लारी दिसली, सास्तूर दिसलं. आमच्या घरासारखीच दगडमातीची घरं, माळवदासकट खाली बसलेली. ढिगाऱ्यापुढं बसलेल्या बाईचं लुगडं आजीच्या लुगड्यासारखं, बोलणं तिच्यासारखं. आमच्या बोलीतली माणसं त्या काचेत मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवशी ढाळजेत बसायला कुणी धजत नव्हतं. मामांनी संच वायर लांबवून अंगणात आणला होता आणि सगळी गल्ली एकाच जमिनीवर बसली होती. लाईट गेली. कुणीतरी सवयीनं आजीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला, उठली आणि संचाची शटरं ओढून घेतली.