लाईट गेली, बरं झालं!

परळी म्हटलं की बाहेरच्यांना वैजनाथ आठवतो, आम्हां बीडकरांना औष्णिक केंद्राची धुराडीही. तिथला ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ सालचा. २१० मेगावॅटचा आला १९८० मध्ये. अशा केंद्रांच्या इतिहासात एका पात्राचं नाव कुणी घेत नाही. ते म्हणजे रिले.

रिले हा पहारेकरी. शॉर्ट सर्किट दिसलं की ब्रेकरला म्हणायचं, "तोड!" त्या काळी हे काम फिरत्या चकतीचे रिले करत. १९८४ मध्ये अमेरिकेत श्वाइट्झर यांचा डिजिटल रिले बाजारात आला आणि हळूहळू चकत्या मागे पडल्या.

एवढी घाई कशाला? तर पॅनेलमध्ये आर्क पेटला की तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त होतं. हात न लावताही माणूस भाजतो. हा धोका शॉकहून वेगळा आहे, हे राल्फ ली यांनी १९८२ मध्ये गणितासकट मांडलं. आर्क जितका वेळ जळेल तितकी आच. अर्ध्या सेकंदाऐवजी दशांश सेकंदात तुटला, तर आच पाचव्या हिश्शावर! समोरच्या वायरमनचा चेहरा त्या फरकात वाचतो.

पहारेकरी कधी भलत्यालाच चोर समजतो, हेही खरं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर लाईन बिघाड नसताना, नुसत्या वाढलेल्या भारामुळे रिलेने तोडली आणि उत्तर भारत अंधारात गेला.

असो. मंडळी, लोडशेडिंगला खुशाल शिव्या द्या. पण फीडर अचानक ट्रिप झाला तर जरा थांबा. त्या अंधारामुळे कुणीतरी संध्याकाळी धडधाकट घरी पोचणार असेल.