तुळाजी आंग्रे
१. इंग्रजी कागदपत्रांत आंग्रे सर्रास ‘चाचे’ ठरतात. वाचकाने ते तसेच मानू नये. तुळाजींचे वडील कान्होजी (मृत्यू १७२९) यांच्या काळापासून आंग्र्यांचे दस्तक (परवाना) न घेतलेले जहाज कोकण किनाऱ्यावर धरले जाई. पोर्तुगीजही आपल्या परवान्यासाठी हेच करीत. तुळाजी पेशव्यांना जुमानीनात, म्हणून पेशवे नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजींच्या विजयदुर्गावर इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या तोफा सुरू असताना, तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडला. दाटीने नांगरलेल्या गुराबा-गलबतांवर आग पसरली आणि सगळे आरमार जळाले. तुळाजी पकडले गेले आणि मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले. एका सरदाराला धडा शिकवताना पेशव्यांनी मराठ्यांचेच आरमार बुडवले, असे प्रस्तुत संपादकाचे स्पष्ट मत आहे.